जर्मनचे वेड, लाइपझिगची वाट

आपल्या मंडळातील एका स्त्रीरोगतज्ज्ञ सभासदांच्या कन्येने बारावीला विज्ञान शाखेत उत्तम गुण मिळवले आणि वैद्यकीय प्रवेशपरीक्षेला बसण्यास मात्र नकार दिला. बडोद्यातील मराठी डॉक्टर-कुटुंबांत तेव्हा बरीच हळहळ व्यक्त झाली. दवाखाना पुढे कोण चालवणार, आणि जर्मन शिकून पोट कसे भरणार? हे प्रश्न अगदीच अनाठायी होते असे मी म्हणणार नाही.

तिला या भाषेची गोडी लागली ती व्याकरणातून. इंग्रजीवर पोसलेल्यांना नामांची तीन लिंगे जाचक वाटतात. हिला ती घरचीच वाटली. (गुजराती मैत्रिणींचीही तीच सोय, हे सांगायला हवे.) चमचा त्यांच्याकडेही ‘तो’, पण सुरी ‘ते’, चंद्र पुल्लिंगी, तर सूर्य चक्क स्त्रीलिंगी! गौणवाक्यात क्रियापद शेवटी जाते, तेही थेट मराठीच्या वळणाने.

वडिलांचे मन वळले ते निराळ्या कारणाने. ‘मिटेलश्मर्झ’ हा शब्द त्यांनी वर्षानुवर्षे केसपेपरवर लिहिला होता. ‘मिटेल’ म्हणजे मध्य आणि ‘श्मर्झ’ म्हणजे वेदना, हे त्यांना लेकीने सांगितले. पुढे एका २४ मार्चला, जागतिक क्षयरोग दिनी, तिने मंडळाच्या सभेत रॉबर्ट कॉख यांच्या १८८२च्या क्षयजंतूविषयीच्या निबंधातील उतारे मूळ जर्मनमधून वाचून मराठीत उलगडून दाखवले. मिथिलिन ब्लूमध्ये २४ तास ठेवलेली काचपट्टी, मग व्हेसुव्हिनचा रंग. ऊती तपकिरी आणि तीत निळे जंतू. कॉख यांची गृहीतके घोकून उत्तीर्ण झालेले आम्ही सारे त्यांचा हा निबंध प्रथमच ऐकत होतो.

बडोद्याला ही वाट तशी नवी नाही. येथील संस्थानाच्या शिष्यवृत्तीवर १९१३ मध्ये अमेरिकेस गेलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी कोलंबिया विद्यापीठात जर्मनचेही धडे घेतले आणि १९२१ मध्ये बॉन विद्यापीठातील प्रवेशासाठी जर्मनमध्येच अर्ज लिहिला.

कला शाखेची पदवी आणि सी-१ पातळीची परीक्षा झाल्यावर तिला लाइपझिग विद्यापीठाच्या हेर्डर संस्थेत प्रवेश मिळाला. परकीयांना जर्मन शिकवण्यासाठी १९५६ मध्ये सुरू झालेली ही संस्था. जर्मनीतील बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणी शुल्क नसले, तरी व्हिसासाठी वर्षाच्या खर्चाचे ११,९०४ युरो बँकेत आधी गोठवून ठेवावे लागतात. दवाखान्याच्या नूतनीकरणासाठी राखून ठेवलेली रक्कम त्यात गेली. भिंतींचे पोपडे अजून तसेच आहेत.

प्रबंधासाठी तिने परदेशी डॉक्टरांची भाषापरीक्षा हा विषय निवडला आहे. जर्मनीत वैद्यकी करू इच्छिणाऱ्यास तेथे रुग्णाची हकीकत जर्मनमध्ये विचारावी लागते, ती लिहून काढावी लागते आणि मग वरिष्ठांपुढे मांडावी लागते. त्यासाठी नमुना संवाद रचताना रविवारी ती वडिलांना फोन करते आणि त्यांना रुग्ण व्हायला लावते. डॉक्टरसाहेब पोटदुखीच्या तक्रारी मराठीत सांगतात. प्रश्न मात्र जर्मनमध्ये येतात.