७३१५७ क्रमांकाची गिटार

सप्टेंबर १९६२. अमेरिकेतून खास मागवलेल्या दोन गिटारी लिव्हरपूलच्या रशवर्थ्स या वाद्यांच्या दुकानात आल्या. गिब्सन कंपनीचे जे-१६०ई हे मॉडेल, प्रत्येकी सुमारे १६१ पौंड. त्या काळी ही रक्कम थोडीथोडकी नव्हती. एक जॉन लेननने घेतली, दुसरी जॉर्ज हॅरिसनने. पुढच्या फेब्रुवारीत 'प्लीज प्लीज मी' या पहिल्या अल्बमची बहुतेक गाणी एका दिवसात ध्वनिमुद्रित झाली, तेव्हा बीटल्सच्या आवाजात या गिब्सनचाही वाटा होता.

लांबून पाहिले तर ती साधी ॲकूस्टिक गिटारच वाटते. जवळ गेले की फ्रेटबोर्ड संपतो तिथे, मधल्या गोल छिद्राच्या काठाशी, पिकअपचे सहा स्क्रू दिसतात. पुढच्या पाटीवर दोन बटणे आहेत, एक आवाजाचे आणि एक टोनचे. ही पाटी एकसंध लाकडाची नाही, प्लायवूडची आहे. ॲम्प्लिफायरला जोडल्यावर ती थरथरून कर्कश शिट्टी घालू नये, म्हणून गिब्सनने ती मुद्दाम कडक ठेवली. त्यामुळे विजेशिवाय वाजवली तर आवाज जरा बसका येतो. जाणकार त्याला उणीव म्हणतात. लेननला मात्र हे वाद्य इतके मानवले की ते गेल्यावर १९६४ मध्ये त्याने पुन्हा हेच मॉडेल घेतले.

पहिली गिटार गेली ती १९६३ च्या डिसेंबरअखेरीस. लंडनच्या फिन्सबरी पार्क ॲस्टोरियात बीटल्सचे ख्रिसमसचे कार्यक्रम चालू होते, त्या गर्दीगडबडीत ती नाहीशी झाली. सामानाची जबाबदारी माल इव्हान्सकडे होती आणि त्याला ही गोष्ट फार लागली.

साठच्या दशकाच्या अखेरीस ती कॅलिफोर्नियातल्या सॅन डिएगोत एका हौशी वादकाने १७५ डॉलरला घेतली. जुनी, बरी वाजणारी गिटार, एवढीच तिची किंमत त्याच्या लेखी होती. चाळीसेक वर्षे तो ती वाजवत राहिला. मला या कहाणीत सर्वांत जास्त आदर वाटतो तो याच माणसाविषयी. पुढे एका गिटारविषयक मासिकात हॅरिसनच्या गिटारीची छायाचित्रे पाहून त्याला आपल्या वाद्याशी तिचे विलक्षण साम्य दिसले.

मग अँडी बाबियुक यांच्याकडे ती गेली. बीटल्सच्या वाद्यांवर त्यांनी 'बीटल्स गिअर' हा ग्रंथ लिहिला आहे, त्यामुळे १९६३ ची छायाचित्रे त्यांच्या हाताशी होती. अनुक्रमांक जुळला, ७३१५७. पण आकडा कुणी नव्याने उठवूही शकतो, म्हणून बाबियुक लाकडाकडे वळले. प्लायवूडचा वरचा पातळ थर खऱ्या झाडाचा असतो आणि त्यातल्या रेषा दुसऱ्या कुठल्याही पाटीवर तशाच्या तशा येत नाहीत. त्या रेषा आणि ओरखडे त्यांनी जुन्या छायाचित्रांशी ताडून पाहिले आणि खात्री पटली. कागदपत्रांची साखळी तुटली होती, लाकडाने तो पुरावा जपला होता. वाद्यांच्या संग्राहकांनी यातून एक गोष्ट जरूर घ्यावी, असे मला वाटते: वाद्य हाती आले की आधी त्याचे स्वच्छ, जवळून छायाचित्र काढून ठेवावे. जुन्या वाद्याला पॉलिश करून 'नवे' करणारे कारागीर हाच पुरावा पुसून टाकतात.

७ नोव्हेंबर २०१५ रोजी बेव्हर्ली हिल्सला ज्युलियन्सच्या लिलावात ती २४ लाख १० हजार डॉलरला गेली. लिलावापूर्वीचा अंदाज सहा ते आठ लाखांचा होता. आलेल्या पैशांतला निम्मा वाटा लेननच्या पत्नी योको ओनो यांच्या स्पिरिट फाउंडेशन या संस्थेला देण्याचे ठरले. हा तोडगा मला न्याय्य वाटतो. सॅन डिएगोतल्या त्या माणसाने गिटार उघडपणे, पैसे मोजून घेतली होती, पण लेननने ती कधी विकलेली नव्हती.