टुंड्रांत झाड कां नाहीं?

आमच्या पाहण्यांत अनेकदा येतें कीं, सहावी-सातवींतील मुलास पृथ्वीवरील नैसर्गिक प्रदेश विचारले म्हणजे तें विषुववृत्तीय अरण्य, सॅव्हाना, वाळवंट, स्टेप, सूचिपर्णी वन, टुंड्रा हीं नांवें घडाघडा म्हणून दाखवितें. पण टुंड्रांत झाड कां नाहीं, असें विचारतांच गप्प बसतें. दोष मुलाचा नव्हे. आपण त्यास नांवें दिलीं, कारणें दिलीं नाहींत.

या प्रदेशांच्या मुळाशीं मुख्यतः दोन गोष्टी आहेत : पाऊस आणि उष्णता. दोहोंचा विचार एकत्रच केला पाहिजे. जेसलमेरकडे वर्षाकांठीं 250 मिलिमीटरांहून कमी पाऊस पडतो. सैबेरियाच्या टुंड्रांतही बऱ्याच ठिकाणीं तितकाच. तरी एकीकडे वाळू उडते आणि दुसरीकडे उन्हाळ्यांत दलदल माजते! कारण वाळवंटांतलें पाणी उन्हानें आटतें; टुंड्रांतलें फारसें आटत नाहीं आणि खालची जमीन बारमास गोठलेली असल्यानें मुरतही नाहीं. अशा जमिनींत झाडाचें मूळ खोल जाणार कसें? शिवाय उन्हाळा तोकडा व थंड. हें कोडें मुलांपुढें टाकावें आणि उत्तर त्यांजकडूनच काढावें.

दुसरें कोडें मातीचें. ॲमेझॉनचें अरण्य दाट, म्हणून तेथील माती कसदार असावी असें वाटतें. वस्तुतः ती बहुतांशीं निकस आहे. पाचोळा कुजतांच त्याचें सत्त्व मुळें पुनः ओढून घेतात. उलट युक्रेनमधील वृक्षहीन स्टेपची काळी माती जगांत उत्तम गणली जाते, कारण गवताचीं मुळें तींत हजारों वर्षें कुजत आलीं आहेत.

झाड नाहीं म्हणून भूमि दरिद्री, ही समजूत घरच्या वडील माणसांतही आहे. महाबळेश्वरीं 5,000 मिलिमीटरांहून अधिक कोसळणारा पाऊस दौंडकडे 500 च्या आसपास येतो. तेथील माळ आगगाडींतून पाहून आपण सहज म्हणतों, "काय हें ओसाड!" सरकारी नोंदींतही अशा कित्येक माळांस 'पडीक' म्हटलें गेलें. पण लांडगा, चिंकारा, धाविक यांचें तें घर आहे. सोलापुराजवळील नान्नजचा माळ ज्याच्यामुळें प्रसिद्ध झाला, तो माळढोक आज साऱ्या देशांत दोनशेंहूनही कमी उरला आहे. गवताळ माळावर सद्भावनेनें लावलेलें दाट वनही अशा प्राण्यांचा निवारा हिरावून घेतें.

म्हणून आमची सूचना एवढीच : पुढील प्रवासांत मुलास खिडकीशीं बसवावें आणि गवत दिसूं लागलें कीं विचारावें, "येथें झाडें कां नाहींत?" उत्तर देण्याची घाई मात्र आपण करूं नये.