कुषाणांचे साम्राज्य आणि मथुरेचे दाते

चीनच्या वायव्य सीमेवरील युएची टोळ्यांना इ. स. पूर्व दुसऱ्या शतकात शिओंग्नूंनी हुसकावून लावले. पश्चिमेकडे सरकत त्या बाल्हीक देशात, म्हणजे बॅक्ट्रियात, स्थिरावल्या. त्यांच्या पाच शाखांपैकी कुषाण शाखेच्या कुजुल कडफिसेसने इसवी सनाच्या पहिल्या शतकात उरलेल्या चारही शाखा आपल्या सत्तेखाली आणल्या. पुढे कनिष्काच्या काळी हे राज्य ऑक्सस नदीच्या परिसरापासून गंगेच्या खोऱ्यापर्यंत पोहोचले. १९९३ मध्ये अफगाणिस्तानात सापडलेल्या रबातक शिलालेखात साकेत, कौशांबी, पाटलिपुत्र आणि चंपा या नगरांची नोंद आहे.

या वैभवाचा आधार व्यापार होता. विम कडफिसेसने सुवर्णनाणी पाडली. बेग्राम येथे रोमन काचपात्रे, चिनी लाखकाम आणि भारतीय हस्तिदंत एकाच ठिकाणी सापडले.

मथुरा ही या साम्राज्यातील संपन्न व्यापारनगरी. तेथील कंकाली टीला येथे मिळालेल्या जैन प्रतिमांवर कुषाणकालीन वर्षांसह दात्यांची नावे कोरलेली आहेत. त्यांत सार्थवाहाची पत्नी धर्मसोमा आहे. तसाच लोहकार गोवही आहे. त्याने संवत्सर ५४ मध्ये सरस्वतीची प्रतिमा अर्पण केली.

तिसऱ्या शतकात सासानी आक्रमणांनी कुषाण सत्ता खिळखिळी झाली. गोवाचे दान मात्र लखनौच्या राज्य संग्रहालयात आजही त्याच्या नावासह उभे आहे.