दारची शेळी : पोळा नसलेली लक्ष्मी

पोळ्याच्या दिवशी आपल्या गंगाखेड तालुक्यात बैलांचा थाट बघावा. शिंगांना रंग, अंगावर झूल, गळ्यात घुंगरमाळ. वसुबारसेला गाय-वासराची पूजा. पण त्याच घराच्या कुडाला टेकून रवंथ करत बसलेली काळी शेळी तुम्ही कधी नीट पाहिलीत का? तिला ना झूल, ना पुरणपोळीचा घास. आणि तरीही लेकरांच्या वह्या-पुस्तकांपासून लेकीच्या बाळंतपणापर्यंतचा खर्च कुणाच्या जिवावर निघाला, ते घरच्या बाईला विचारा. उत्तर त्या कुडाजवळच बसलेलं असतं.

गोदाकाठच्या महातपुरी, धारासूरला जा, नाही तर बालाघाटच्या चढावर राणीसावरगाव, पिंपळदरी, कोद्रीकडे जा. दारात दिसेल ती बहुतेक उस्मानाबादी जातीचीच शेळी. अंग काळंभोर, कान लांब आणि लोंबते, कुणाच्या कानावर पांढरे ठिपके. उस्मानाबाद जिल्ह्याचं नाव २०२३ मध्ये धाराशिव झालं, पण शेळीचं नाव अजून जुनंच आहे. धाराशिव, लातूर, सोलापूर, अहिल्यानगर आणि आपला परभणी हा तिचा मूळ मुलूख. म्हणजे ही शेळी आपण कुठून आणलेली नाही. ती इथल्याच उन्हात, इथल्याच बाभळीखाली घडली आहे. जुळी करडं देणं हा तिचा मोठा गुण. पाच महिन्यांचा गाभणकाळ, आणि खाणंपिणं नीट असलं तर दोन वर्षांत तीन वेतं.

घराला घरपण

नफ्या-तोट्याचं पुढे बोलू. आधी आनंदाचं बोलू, कारण ते कुठल्याच योजनेच्या कागदावर लिहिलेलं नसतं.

शेळी व्याली की दहा-पंधरा दिवसांत करडं अंगणात उड्या मारायला लागतात. उखळावर चढतील, बाजेवर चढतील, झोपलेल्या आजोबांच्या पोटावरसुद्धा चढतील. शाळेतून आलेलं पोरगं दप्तर फेकून आधी करडू उचलतं. घरात कितीही तणतण झालेली असो, करडाची उडी पाहिली की माणूस हसतोच. शेळीला आवाज ओळखता येतो. म्हातारीने लांबून "ये ये" म्हटलं की कळपातली तिचीच तेवढी मान वर करते.

खोड्याही कमी नाहीत. आमच्या शेजारी एकदा वळचणीला खोचलेलं राशनकार्ड शेळीने खाल्लं. घरधनी तापला, तर बायको म्हणाली, "तिचंबी नाव घाला आता कार्डात!" सगळी गल्ली हसली.

मव्हं हाय ते

आपल्याकडे शेत बापाच्या नावावर, बैल धन्याचे, सोयाबीनचा पैसा दुकानदाराची उधारी फेडण्यात जातो. शेळी मात्र बहुतेक घरांत बाईची. माहेरून एक पाट आणली, नाही तर कुणाकडून अर्धलीने सांभाळायला घेतली, आणि तिची चार झाली. अर्धली म्हणजे सांभाळ एकाचा, शेळी दुसऱ्याची, करडं निम्मी-निम्मी. जमीन नसलेल्या बाईलाही या वाटेने पहिली शेळी मिळते.

ओळखीच्या एका काकूंना विचारलं, बोकड विकून आलेला पैसा कुणाकडे असतो? त्या म्हणाल्या, "मव्हं हाय ते. त्याला कुणी हात लावायचा नाय. नातीला साळंत घातलं ते ह्याच्यावरच."

ही गोष्ट लहान वाटते, पण लहान नाही. रात्री लेकरू तापाने फणफणलं तर बाईला सावकाराच्या दारात उभं राहावं लागत नाही. सोयाबीन वर्षातून एकदा येतं, शेळी अडीनडीला कधीही उभी असते. दिवाळीच्या सुमारास डोंगरपट्ट्यातली कितीतरी कुटुंबं ऊसतोडीला बाहेर पडतात. मागे घरात म्हातारी, शाळेतली नातवंडं आणि दोन-चार शेळ्या राहतात. त्या दिवसांत चहापुरतं दूध आणि हाताशी चार पैसे, दोन्ही शेळीच देते.

हिशेब सोपा आहे

आता बघा. दोन शेळ्यांपासून सुरुवात करा. दोन वर्षांत तीन-तीन वेतं, काही जुळी, काही एकटी, असं धरलं तर आठ-नऊ करडं होतात. एक-दोन दगावतील असं धरूनच चाला. उरलेल्यांतल्या चांगल्या पाटी ठेवा, बोकड विका. म्हैस दिवसाला पन्नास लिटरच्या वर पाणी पिते, शेळीचं चार-पाच लिटरवर भागतं. १९७२ सालचा दुष्काळ जुन्या माणसांना आठवतो, २०१२-१३ आणि २०१५-१६ चा तुम्हा-आम्हाला. दावणीची जनावरं विकायची पाळी आली तेव्हा बाभळीच्या शेंगा आणि बोरीचा पाला खाऊन शेळी तगली.

विकताना मात्र एक चूक आपण पिढ्यान्‌पिढ्या करत आलो. व्यापारी येतो, बोकडाच्या पाठीवर हात दाबतो, कमरेला धरून उचलतो आणि अंदाजाने आकडा सांगतो. आपण दोनशे वाढवून मागतो आणि सौदा तुटतो. भाऊ, गल्लीत चार घरं मिळून एक टांगता काटा घ्या. करडू पोत्यात घालून वजन करा आणि किलोच्या भावाने बोला. बकरी ईदला वर्ष पूर्ण झालेला, अंगात खोट नसलेला बोकड लागतो, तेव्हा भाव चढतो. त्या बेताने दोन बोकड राखून ठेवता आले तर बघा. सर्वात वाईट सौदा गरजेच्या दिवशी होतो.

एवढं सांभाळा

चीक पाजायला उशीर करू नका. करडू जन्मल्यावर अर्ध्या-पाऊण तासात त्याच्या पोटात चीक गेलाच पाहिजे. वार पडेपर्यंत थांबायचं, हा समज चुकीचा आहे. पावसाळ्यात ओल हा शेळीचा वैरी. चार फळ्या, नाही तर बांबू टाकून जमिनीपासून उंच बसायची जागा करा. पावसाळ्याआधी आंत्रविषाराची लस आणि जंताचं औषध, पाऊस सरल्यावर पुन्हा जंताचं औषध. पीपीआर हा रोग आला की अख्खी आळी रिकामी करतो. नाक-डोळे गळतात, तोंड येतं, हगवण लागते. त्याची लस एकदा टोचली की तीन वर्षांची काळजी मिटते. जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारा. 'उमेद'च्या बचत गटांतून तयार झालेल्या पशुसखी आता बऱ्याच गावांत आहेत, त्यांनाही विचारा.

बोकड दर दोन वर्षांनी बदला. बापाकडूनच लेक भरवली की करडं खुरटी निघतात.

आणि धान्याचं पोतं उघडं ठेवू नका. हे पुस्तकातलं नाही. आमच्या घरी एक शेळी होती, जुळ्यांशिवाय कधी व्याली नाही. एका रात्री दावं सुटलं आणि ती ज्वारीच्या पोत्यापर्यंत पोचली. सकाळी पोट टम्म, दात खात पडलेली. डॉक्टर येईपर्यंत संपली. दोन करडं तिच्या कासेला ढुशा देत होती. आई त्या दिवशी जेवली नाही. पोत्याचं तोंड बांधायला लागली असती फक्त हातभर सुतळी.

दोन की दोनशे?

हल्ली शेळीपालन म्हटलं की लोक थेट मोठ्या शेडचं बोलतात. राष्ट्रीय पशुधन अभियानात शंभर ते पाचशे शेळ्यांच्या गटाला निम्मं भांडवली अनुदान आहे. ज्याच्याकडे जमीन, पाणी, चारा आणि अनुभव आहे त्याने जरूर करावं. पण उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांचं ऐकून, कर्ज काढून, कधी शेळीची कास न धरलेल्या माणसाने पन्नास शेळ्या एकदम आणू नयेत. बाजारातून गोळा केलेल्या शेळ्यांबरोबर रोगही येतो, आणि विकतच्या चाऱ्यावर शेळी परवडत नाही. आधी दोन सांभाळा. त्यांनी तुम्हाला शिकवू द्या. मग चार, मग दहा.

चाऱ्याचं मात्र आजच बघायला हवं. ज्वारी मागे पडून सोयाबीन आलं आणि कडबा महाग झाला. गायरानं आक्रसली, बांधावरच्या बाभळी तुटल्या. शेळीला मोकळं सोडलं की शेजाऱ्याच्या तुरीत घुसते आणि दोन घरांत बोलणं बंद होतं. म्हणून बांधावर शेवरी, हदगा, सुबाभूळ लावा. तूर-सोयाबीनचं गुळी फुकू नका, पेटवू नका, साठवून ठेवा. कोपऱ्यातल्या लेंड्याही झाडून खड्ड्यात टाका. त्या खताने परसातली वांगी बघा कशी धरतात.

आपलं गंगाखेड हे जनाबाईंचं गाव. घरातल्या बाईच्या कष्टाचं मोल इथल्या माणसाला बाहेरच्याने शिकवायला नको. त्या कष्टांतून तिच्या स्वतःच्या हातात दोन पैसे टिकवणारं जनावर दारात असेल, तर यंदाच्या पोळ्याला एक करा. बैलाला नैवेद्य दाखवलात की पुरणपोळीचा एक लहानसा घास कुडाजवळच्या काळीलाही द्या. लहानसाच. ती जास्त मागेल, पण देऊ नका.