रोप पारखून घ्यावे : लहान अंगणासाठी झाडांची खरेदी

मलिक अंबर याने सतराव्या शतकाच्या आरंभी भूमिगत नहरीच्या द्वारे डोंगरपायथ्याचे पाणी छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) शहरात आणले. त्या पाण्यावर येथील हौद भरत व बागा फुलत. आज शहागंजच्या घड्याळ मनोऱ्याभोवतीच्या दाट वस्तीत बागेसाठी जागा थोडी आणि पाणी त्याहून थोडे आहे. तरीही मृगाच्या सरी पडू लागल्या की हौशी कुटुंबे रोपे आणतात आणि अंगणाचा कायापालट करण्याचे मनात योजतात. पुढील उन्हाळ्यापर्यंत त्यांतील बरीच रोपे वाळून जातात व दोष उन्हाला दिला जातो. वास्तविक पुष्कळदा चूक झालेली असते ती खरेदीच्या दिवशीच.

फुलझाड फसले तर एक हंगाम जातो. फळझाड फसले तर चार-पाच वर्षे जातात. झाड फळावर आल्यावाचून जातीतील फसवणूक कळत नाही, आणि तोपर्यंत घातलेले पाणी व केलेले श्रम परत मिळत नाहीत. घरामागच्या एका झाडाला जे लागू, तेच शेतावरील शंभर कलमांनाही लागू आहे.

खरेदीपूर्वी अंगण पाहावे

रोपवाटिकेत जाण्यापूर्वी अंगणाची लांबी-रुंदी मोजावी. दिवसातून किती तास ऊन पडते हे पाहावे. फळझाडाला निदान सहा तास थेट ऊन हवे. दीड फूट खोल खड्डा करून तो पाण्याने भरावा. दुसऱ्या दिवशीही पाणी तसेच राहिले, तर निचरा नाही असे समजावे आणि तेथे उंच वाफा करूनच लागवड करावी.

जुन्या वाड्यांच्या अंगणात पडक्या भिंतींचा चुना मातीत मिसळलेला असतो. अशा मातीवर व्हिनेगर टाकले असता बुडबुडे येतात. तेथे लिंबू किंवा मोसंबी लावू नये. लोह मिळेनासे होऊन पानांच्या शिरा हिरव्या राहतात व मधला भाग पिवळा पडतो.

उदाहरणादाखल दहा फूट रुंद व पंधरा फूट लांब अंगण घ्या. आंब्याच्या दोन झाडांत पूर्वापार तीस फुटांचे अंतर ठेवीत, यावरून आंबा येथे मावणार नाही हे उघड आहे. अशा जागेत एकच फळझाड लावावे. पेरू, सीताफळ किंवा कागदी लिंबू यांपैकी एक निवडून ते छाटणीने आटोक्यात ठेवावे. भिंतीलगत मोगरा व जास्वंद, कोपऱ्यात कढीपत्ता आणि मोरीचे पाणी जाते तेथे अळू लावावे. साबणाचे पाणी मात्र झाडांना देऊ नये. पाच-सहा झाडे नीट वाढली तर अंगण भरून जाते. वीस झाडे दाटीने लावली तर एकही धड वाढत नाही.

सीताफळ दौलताबादच्या डोंगरात आपोआप वाढते. हलकी, मुरमाड जमीन व थोडे पाणी यांवर ते तग धरते. हिवाळ्याअखेर त्याची पाने गळतात. झाड मेले असे समजून ते उपटून टाकू नये.

कोठे घ्यावे व काय विचारावे

याच शहरात हिमायतबाग येथे वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचे फळ संशोधन केंद्र आहे. असे केंद्र, कृषी खात्याची रोपवाटिका किंवा परवानाधारक खाजगी रोपवाटिका यांतूनच फळझाडे घ्यावीत. फळरोपवाटिकांच्या नियमनाचा कायदा महाराष्ट्रात १९६९ साली झाला. विक्रेत्याकडे परवाना मागण्यात संकोच बाळगू नये. जातीचे नाव, कलम कोणत्या खुंटावर बांधले व डोळा किंवा काडी कोणत्या मातृवृक्षाची, हे विचारावे आणि जातीचे नाव लिहिलेली पावती घ्यावी.

आंबा व मोसंबी यांची कलमेच घ्यावीत. आंब्याच्या बहुतेक कलमी जाती कोयीपासून लावल्यास मूळ झाडासारखी फळे मिळण्याची खात्री नसते. कागदी लिंबाचे मात्र बियांपासून केलेले रोपही बहुधा मूळ झाडासारखेच निघते. म्हणून तेथे कलमाचा आग्रह नको. पेरूच्या गुटी कलमाला फांदीवरच मुळे फुटलेली असतात, सबब त्याला जोड दिसत नाही.

रोपाची पारख

सर्वात उंच रोप सर्वात चांगले, हा समज चुकीचा आहे. दाटीत सावलीला वाढलेले रोप उंच पण किरकोळ होते व उन्हात नेताच माना टाकते. मध्यम उंचीचे, सरळ व पेन्सिलीएवढ्या जाडीचे खोड असलेले रोप पसंत करावे. जोड एकजीव झालेला असावा. जोडाखाली खुंटाची फूट वाढलेली असेल तर कलमाचे पोषण तीच खाते.

खोड हलकेच हलवून पाहावे. ते पिशवीतील मातीत सैल हलत असेल तर रोप नुकतेच भरलेले आहे. उलट मुळे पिशवीबाहेर पडून गुंडाळी झालेली असेल तर रोप फार दिवस पडून आहे. अशी मुळे जमिनीत पसरत नाहीत. पाने उलटून कीड पाहावी. पिशवीत लव्हाळा किंवा हराळी दिसल्यास ते रोप नाकारावे, नाहीतर तणाचा त्रास घरी येतो. फुलझाड बहरलेले पाहून भुलू नये. फांद्या अधिक व कळ्या लहान असलेले रोप घरी लवकर रुळते.

घरी आणल्यावर

रोप नेहमी पिशवी धरून उचलावे, खोड धरून उचलल्यास मुळे तुटतात. घरी आणल्यावर आठ दिवस विरळ सावलीत ठेवावे. उन्हाळ्यातच दोन फूट लांब, रुंद व खोल खड्डा करून विटांचे तुकडे वेचून काढावेत आणि चांगली माती व पुरते कुजलेले शेणखत यांनी तो भरावा. कच्च्या शेणखतातून हुमणी येते. पाऊस स्थिरावल्यावर सायंकाळी पिशवी कापून काढावी, गोळा न फोडता रोप लावावे आणि जोड जमिनीच्या वर राहील असे पाहावे. काठीचा आधार व बुडाशी पालापाचोळ्याचे आच्छादन द्यावे. मराठवाड्यात पावसाची उघडीप लांबते, तेव्हा ओल पाहून पाणी द्यावे.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी रोपवाटपापूर्वी एक पिशवी सर्वांसमोर फोडून चांगली व वाईट मुळे प्रत्यक्ष दाखवावीत. एकदा डोळ्यांनी पाहिलेली पारख शेतकरी विसरत नाही, आणि मग शंभर कलमे घेतानाही तो पिशवी उलटून पाहिल्यावाचून पैसे मोजीत नाही.