रुंद पात्याची, अनेक वयांची

पहिल्यांदा पाहणाऱ्याला ती तलवार वाटतच नाही. कोयत्याला परज बसवावी तशी दिसते. पातं जेमतेम दीड-दोन फूट, रुंद आणि पाठीकडे जाड. मूठ शिंगाची नाहीतर लाकडाची, बोटांवरून वळलेली एक लोखंडी पट्टी आणि पात्याच्या तोंडाशी शिंपल्यासारखी छोटी वाटी. स्पॅनिशमध्ये हिला ‘एस्पादा आंचा’ म्हणतात, म्हणजे सरळ अर्थाने रुंद तलवार. अठराव्या शतकात न्यू स्पेनच्या उत्तर सरहद्दीवर, आजच्या उत्तर मेक्सिकोपासून टेक्सस, ॲरिझोना, कॅलिफोर्नियापर्यंत, ठाण्याठाण्यांवरचे घोडेस्वार ही बाळगत. १७७२ च्या शाही नियमावलीत त्यांची हत्यारं नोंदवली आहेत: रुंद तलवार, भाला, चामडी ढाल, बंदूक आणि पिस्तुलं. पण त्या मुलखात निवडुंग आणि काटेरी झुडपांची रानं पसरलेली. तलवार माणसावर जितकी चालली असेल, त्याहून कितीतरी जास्त फांद्यांवर चालली असावी. धारेची झीज तरी तसंच सांगते.

मेक्सिको जिंकणाऱ्या कोर्तेसच्या काळाशी या हत्याराचा संबंध नाही. तो विजय १५२१ चा, ही तलवार त्यानंतर दोन शतकांनी रुळलेली. विकणारे मात्र जुनी गंजकी स्पॅनिश तलवार दिसली, की तिला त्या विजेत्यांच्या कमरेला बांधून मोकळे होतात. किंमत वाढते ना!

हिचं वय ठरवायचं कसं? स्पेनमधल्या लष्करी तलवारींचं काम तुलनेने सोपं आहे. तिसऱ्या कार्लोसने १७६१ मध्ये तोलेदोला शाही तलवार-कारखाना काढण्याचा हुकूम दिला. तिथल्या पात्यांवर राजाचं नाव, गावाचं नाव आणि कधी वर्षही सापडतं. तिसऱ्या कार्लोसचं राज्य १७५९ ते १७८८. त्याचं नाव दिसलं, की पात्याच्या जन्माचा काळ निदान या तीस वर्षांत येतो. सरहद्दीवरच्या लोहाराने मात्र नाव कोरलं नाही आणि सालही टाकलं नाही. लोखंड बहुतेक समुद्रापलीकडून यायचं, म्हणून महाग. त्यामुळे भंगारही वाया जात नसे. जुनी कानस तापवून तिचं पातं ठोकलं जाई. अशा पात्यावर तिरकस कानसरेषा अजून दिसतात. लांब युरोपीय तलवार मोडली, तर उरलेलं पातं आखूड करून नवी मूठ चढवली जाई. अशा तलवारीचं पातं १७२० चं आणि मूठ १८०० ची असू शकते. मग तलवार कोणत्या सालची म्हणायची?

माझं मत विचाराल तर मुठीच्या. ती माणसाच्या हातात कधी आली, ते मूठ सांगते. पातं फक्त कुठून आलं एवढंच सांगतं, आणि तेही बऱ्याचदा खोटं. जर्मनीतल्या झोलिंगेनचे कारागीर आपल्या पात्यांवर बिनदिक्कत तोलेदोच्या नामांकित लोहारांची नावं घालत. तोमास आयाला हे त्यातलं लाडकं नाव, तेही चुकीच्या अक्षरांत. आयाला मरून कितीतरी वर्षं लोटली, तरी त्याच्या नावाची पाती निघतच राहिली. कितीतरी स्पॅनिश पात्यांवर ‘विनाकारण उपसू नकोस, मान घालवून म्यान करू नकोस’ अशा अर्थाचा मजकूर असतो. वाचताना अंगावर काटा येतो, पण तोही शेकडो पात्यांवर साचेबंद उतरवलेला.

मराठी वाचकाला हे अनोळखी वाटू नये. आपल्याकडे युरोपीय पात्याच्या तलवारीला ‘फिरंग’ म्हणतात. पातं परदेशी, मूठ देशी. करवीरच्या छत्रपतींनी १८७५-७६ च्या दौऱ्यात प्रिन्स ऑफ वेल्सला भेट दिलेली, आज लंडनच्या राजसंग्रहात असलेली तलवार या जातीची. फरक मूठ बसवण्याच्या रीतीत. आपल्या मुठीत पातं लाख-राळेने चिकटवतात. युरोपीय रीतीत पात्याची निमुळती शेपटी मुठीतून आरपार काढून वरचं टोक ठोकून चेपतात. एस्पादा आंचामध्ये पुष्कळदा शेपटीच्या दोन्ही अंगांना शिंगाच्या पट्ट्या रिव्हेटने जोडलेल्या असतात.

जाणकार आधी तेच टोक, तेच रिव्हेट बघतो. चेपलेल्या जागेवर ताजे घाव दिसले, तर मूठ कधीतरी काढली गेली आहे. शिंग जुनं होताना आकसतं आणि कडेचं लोखंड किंचित उघडं पडतं. पट्टी लोखंडाशी तंतोतंत जुळत असेल, तर शंका घ्यावी. स्क्रू असेल, तर त्याची खाच पाहावी. हाताने कापलेली खाच बऱ्याचदा मधोमध नसते. गंज सगळीकडे सारखा दिसला, तर आम्ल लावलेलं समजावं. काळाने चढलेला गंज पन्हळीत एक, धारेशी दुसरा. गरुडमुखी मूठ आणि सुभाषितं कोरलेलं पातं दिसलं, तर घाई नको. मेक्सिकोतल्या ओआहाकात अशा वस्तू विसाव्या शतकात पर्यटकांसाठीही बनल्या.

१८२१ मध्ये मेक्सिको स्वतंत्र झाला, पण लोहारांनी हात थांबवला नाही. तोच घाट पुढेही काही दशकं चालला. म्हणून ‘वसाहतकालीन’ हा शब्द वर्णनात वाचला, की पुरावा मागावा. बहुतेक तलवारींबाबत ‘अठराव्या शतकाचा उत्तरार्ध ते एकोणिसाव्याचा आरंभ’ यापेक्षा नेमकं बोलणारा माणूस विकायला बसला आहे असं समजावं.

हे पारखणं वस्तूवरच्या जुन्या थरावर अवलंबून असतं, आणि तो थर एका दुपारी नाहीसा होतो. तुमच्या घरात पणज्याची तलवार असेल, तर येत्या खंडेनवमीला तिला विटेच्या भुकटीने किंवा चिंचेने घासू नका. सुती फडक्याने हलकंसं तेल लावा, हळदीकुंकू मुठीपासून लांब ठेवा, आणि मूठ सैल वाटली तरी स्वतः ठोकू नका.