प्रश्नाचीच परीक्षा!

पेपर सुटला की वर्गाबाहेर एकच गलका! "सातवा कसला अवघड होता रे!" "छे, मला तर सोपा गेला." आता खरं कोणाचं? पेपर काढणाऱ्या बाईंनाही ते आधी नेमकं सांगता येत नाही. ते सांगतात तुमचीच उत्तरं.

समजा, वर्गात 40 मुलं आहेत आणि सातवा प्रश्न 30 जणांना आला. 30 भागिले 40, म्हणजे 0.75. हे त्या प्रश्नाचं काठिण्यमूल्य. नावात काठिण्य, पण आकडा जितका मोठा तितका प्रश्न सोपा! शिष्यवृत्तीच्या पेपरासारखे चार पर्याय असतील, तर डोळे मिटून ठोकलं तरी साधारण चारांत एकाचं बरोबर येतं. म्हणून तिथे 0.25 आलं, तर बहुतेकांनी ठोकाठोकीच केली असावी.

मला मात्र त्याहून आवडतो तो दुसरा आकडा. प्रश्न किती जणांना आला हे कळलं, पण कोणाला आला? एकूण गुणांनुसार 100 मुलं ओळीत लावा. वरची 27 घ्या, खालची 27 घ्या. (हे 27 टक्के ट्रुमन केली या अमेरिकी संशोधकाने 1939 साली गणित मांडून ठरवले.) वरच्यांपैकी 24 जणांना प्रश्न आला, खालच्यांपैकी 6 जणांना. फरक 18, त्याला 27 ने भागलं की 0.67. हे भेदनमूल्य. वरच्यांना येतो, खालच्यांना अडतो, म्हणजे छान प्रश्न!

आता हा बघा: 'चंद्र असलेला ग्रह कोणता? बुध, शुक्र, पृथ्वी, मंगळ.' बाईंच्या मनात उत्तर पृथ्वी. पण मंगळालाही दोन चंद्र आहेत, फोबोस आणि डिमोस! ज्यांनी जास्त वाचलंय तेच इथे गोंधळणार. वरच्यांपेक्षा खालच्यांनाच प्रश्न जास्त आला आणि भेदनमूल्य शून्याखाली गेलं, की समजायचं चूक मुलांची नाही, प्रश्नाची आहे.

तरी एक कोडं उरतंच. तुमच्या वर्गात 0.75 मिळवणारा प्रश्न शेजारच्या वर्गात 0.40 मिळवतो. मग प्रश्न अवघड की वर्ग कच्चा? डेन्मार्कचे गणिती गेओर्ग राश यांनी 1960 साली यावर पुस्तकच लिहिलं. त्यांनी मूल आणि प्रश्न, दोघांनाही एकाच मोजपट्टीवर बसवलं. दोघं एकाच खुणेवर असतील, तर उत्तर येण्याची शक्यता बरोबर निम्मी. मूल जितकं वर, तितकी शक्यता जास्त, पण ती पूर्ण 100 टक्के कधीच होत नाही. पहिल्या नंबराच्या मुलीचा एखादा सोपा प्रश्न चुकेल, हे राश यांच्या सूत्राने आधीच धरलेलं असतं!